किती गेला?

आमच्या गोठ्यात म्हशी बांधायच्या लोखंडी मेखा होत्या. १९९८ च्या जानेवारीत तात्यांनी त्यातल्या चार उपटल्या आणि घरामागच्या पडीक रानात चार कोपऱ्यांना ठोकल्या. मधे एक लाकडी खुर्ची ठेवली आणि दाव्यांनी ती चारही मेखांना आवळून बांधली. खुर्ची जराही हलू नये म्हणून तात्या स्वतः तिच्यावर बसून मागंपुढं झोके देऊन बघत होते. मग दादानं मला उचलून त्या खुर्चीत बसवलं, मांड्यांवरून पंचाचा पट्टा करून घट्ट बांधला आणि माझ्या हातात काळ्या दगडाचा गोळा दिला. गावातल्या पाथरवटानं तो वरवंटा घडवावा तसा घडवला होता. वाण्याच्या तराजूत बरोबर चार किलो भरेपर्यंत त्यानं तीन वेळा तासून आणला होता.

पहिल्या फेकीत गोळा माझ्या पायांपुढं हातभर जाऊन पडला. कुंपणापलीकडून चाललेले शेजारचे अण्णा थांबले आणि म्हणाले, "किती गेला रं?"

दीड वर्षात मला विचारला गेलेला तो पहिला निराळा प्रश्न होता. तोवर येणारा प्रत्येक जण विचारायचा, "आता कसं हाय?" आणि उत्तर ऐकायच्या आतच त्याचे डोळे भरलेले असायचे.

मे १९९६ मध्ये आंबे उतरवताना फांदी मोडली आणि मी खाली पडलो. वय एकोणीस. कमरेच्या वरचा मणका मोडला, पाय गेले. सव्वा महिन्यानं शहरातल्या रुग्णालयानं घरी सोडताना "आता घरीच सांभाळा" एवढंच सांगितलं. दर दोन तासांनी कूस बदलायची असते, कॅथेटर कसा स्वच्छ ठेवायचा, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. पावसाळा संपायच्या आत माकडहाडावर बोटाचं पेर आत जाईल एवढा बेडसोर झाला. आई रोज तो धुवायची आणि मला दिसू नये म्हणून तोंड फिरवून रडायची.

ओसरीवरच्या त्या खाटेवर एक गोष्ट मला नीट कळली. पडून राहिलेल्या माणसाला तारीख नसते. भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं होतं. त्यावर आईच्या अक्षरात दुधाचा हिशेब होता, गॅसची टाकी लावल्याचा दिवस होता, दादाचा ऊस तोडणीला जाणार तो दिवस होता. माझं त्यात काही नव्हतं. सोमवार आणि शुक्रवार यांत मला काही फरक उरला नव्हता.

१९९७ च्या नोव्हेंबरात शाळेतल्या गुरुजींनी घरी येऊन सांगितलं की ३ डिसेंबरला, जागतिक अपंग दिनाला, सांगलीत जिल्ह्याच्या स्पर्धा आहेत. मी नाहीच म्हणालो. पण ते गेल्यावर आईनं कालनिर्णय खाली काढलं आणि ३ तारखेच्या चौकोनात लिहिलं: 'सांगली'. तो त्या कॅलेंडरवरचा माझा पहिला चौकोन. दिव्यांगांच्या खेळांचा इतिहास मी पुढं वर्षानुवर्षं मिळेल तसा वाचत गेलो, तो त्या चौकोनाचा उगम शोधण्यासाठी.

हा उगम एका कोळसा खाणीपाशी आहे. १९१७ साली तेव्हाच्या जर्मनीतल्या क्योनिग्सह्युट्टे गावच्या अपघात रुग्णालयात लुडविग गुटमान नावाचा अठरा वर्षांचा मुलगा स्वयंसेवक म्हणून काम करत होता. पाठीचा कणा मोडलेला एक धट्टाकट्टा खाणकामगार तिथं आणला गेला. त्याला प्लास्टरमध्ये घालून पडद्याआड ठेवलं. या माणसाच्या नोंदी फार करू नका, तो काही आठवड्यांत जाणारच, असं त्या मुलाला सांगण्यात आलं. पाच आठवड्यांत तो कामगार गेला. मणक्यानं तो गेला नव्हता. बेडसोर आणि मूत्रमार्गातला संसर्ग अंगभर पसरून गेला होता. ही हकिगत पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून आईला हाक मारली होती. तो पडदा आमच्या ओसरीवर नव्हता, एवढाच फरक होता.

गुटमान पुढं ब्रेसलाऊचे नावाजलेले न्यूरोसर्जन झाले. ते ज्यू होते. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि त्यांची नोकरी गेली. १९३९ मध्ये बायको आणि दोन मुलांना घेऊन ते इंग्लंडला निघून गेले. दुसऱ्या महायुद्धात मणक्याला गोळी लागलेले सैनिक वाढणार हे दिसत असल्यानं ब्रिटिश सरकारनं त्यांना लंडनच्या वायव्येला एल्सबरी गावाजवळच्या स्टोक मँडविल रुग्णालयात मणक्याच्या रुग्णांसाठी विभाग उघडायला सांगितलं. तो १ फेब्रुवारी १९४४ रोजी सुरू झाला.

तिथली पहिली क्रांती अगदी साधी होती: रुग्णाला दिवसरात्र दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं. प्लास्टर बंद, मूत्राशयाची रोजची काळजी चालू. एवढ्यानं माणसं जगू लागली. पण जगलेल्या माणसानं पुढं करायचं काय, हा प्रश्न राहिलाच. वीस-बावीस वर्षांची पोरं भिंतीकडं तोंड करून पडलेली असत. गुटमान यांनी त्यांना आधी कामाला लावलं: सुतारकाम, घड्याळदुरुस्ती. आणि मग खेळाला. आवारात चाकाच्या खुर्च्यांवर बसून काठ्यांनी पोलो सुरू झाला. तो फार धसमुसळा ठरला म्हणून त्याच्या जागी नेटबॉल आला आणि त्यातूनच पुढं खुर्चीवरचं बास्केटबॉल.

धनुर्विद्येवर मात्र त्यांचा खास जीव होता. का, ते माझ्यासारख्याला लगेच कळतं. कमरेखाली जाणीव नसलेल्या माणसाला नुसतं सरळ बसणं हीच मोठी कसरत असते. हाताचा आधार काढला की धड एका बाजूला कलंडतं. धनुष्य ताणायचं तर दोन्ही हात आधाराविना वर धरावे लागतात आणि खांदे, पाठ, छाती मिळून धड तोलून धरतात. ते बळ आलं की माणूस खाटेवरून खुर्चीत स्वतः सरकतो, खुर्चीच्या दोन्ही बाजूंवर हात रोवून बूड उचलतो, आणि बूड उचललं की बेडसोर होत नाही. शिवाय बसलेला धनुर्धर उभ्या धनुर्धराशी बरोबरीनं स्पर्धा करू शकतो, आणि स्टोक मँडविलचे रुग्ण पुढं बाहेरच्या क्लबांशी तसे खेळलेही.

२९ जुलै १९४८ या दिवशी लंडनमध्ये ऑलिंपिकचं उद्घाटन होत होतं. त्याच दिवशी स्टोक मँडविलच्या हिरवळीवर सोळा माजी सैनिक, चौदा पुरुष आणि दोन स्त्रिया, धनुष्यबाण घेऊन उतरले. एक संघ तिथला, दुसरा रिचमंडच्या स्टार अँड गार्टर होमचा. जगाच्या खेळांच्या इतिहासात हा दिवस छोटाच. पण गुटमान यांनी ऑलिंपिकचीच तारीख निवडली याचं मला फार मोल वाटतं. खेळणं तर वॉर्डात चारेक वर्षं चालूच होतं. त्या दिवशी त्याला तारीख मिळाली, समोर दुसरा संघ मिळाला आणि गुण लिहिणारा माणूस मिळाला. वॉर्डातल्या व्यायामात रुग्ण असतो, त्या हिरवळीवर खेळाडू होते.

१९५२ मध्ये नेदरलँड्सचे माजी सैनिक आले आणि खेळ आंतरराष्ट्रीय झाले. १९६० मध्ये ते रोमला गेले: २३ देश, ४०० खेळाडू. राहायला दिलेल्या इमारतींना जिने होते, तेव्हा इटलीच्या सैनिकांनी खेळाडूंना खुर्चीसकट उचलून वरखाली नेलं. ज्या खेळांना आज आपण पॅरालिंपिक म्हणतो त्यांची सुरुवात तिथून मोजतात.

या साऱ्या इतिहासात मला सगळ्यात जवळची वाटते ती १९६४ च्या टोकियोची हकिगत. जपानच्या ओइता प्रांतातले डॉक्टर युताका नाकामुरा १९६० मध्ये स्टोक मँडविलला शिकायला गेले होते. परतल्यावर त्यांनी १९६१ मध्ये ओइतात दिव्यांगांच्या स्पर्धा घेतल्या तेव्हा, अपंगांचं प्रदर्शन मांडता काय, अशी टीका त्यांच्यावर झाली. तरी टोकियोच्या खेळांत जपानचे ५३ खेळाडू उतरले. त्यातले बहुतेक रुग्णालयांतून आणि आश्रयगृहांतून आणलेले होते. समोर युरोप-अमेरिकेचे खेळाडू. ते नोकऱ्या करणारे, लग्न केलेले. सामना संपला की खुर्च्या ढकलत बाजारात खरेदीला जाणारे. जपानी खेळाडूंनी हे डोळ्यांनी पाहिलं. हरण्यापेक्षा त्यांना हे जास्त लागलं असावं. दुसऱ्याच वर्षी, १९६५ मध्ये, नाकामुरांनी बेप्पू गावात 'ताइयो नो इए', म्हणजे 'सूर्याचं घर', ही संस्था काढली आणि दिव्यांगांना दान न देता काम द्यायला सुरुवात केली. तिथल्या कारखान्यांत पुढं मोठमोठ्या जपानी कंपन्या भागीदार झाल्या. एका स्पर्धेतून रोजगाराची चळवळ उभी राहिली, ती समोरासमोर आल्यामुळं. वॉर्डातल्या वॉर्डात कितीही डंबेल्स मारले असते तरी दुसरा कसा जगतो हे दिसलं नसतं.

सांगलीच्या मैदानावर मलाही तेच दिसलं. त्या ३ डिसेंबरला मी गोळा फेकला तो प्लास्टिकच्या खुर्चीवरून, दोन पोरांनी मागनं धरलेल्या. ३ मीटर ४० सेंटिमीटर. सहा जणांत सहावा. पण माझ्या शेजारी मिरजेकडचा एक माणूस होता. त्याचा मणका माझ्याच जागी मोडलेला. तो एसटीत स्वतः चढून आला होता: खुर्चीतून पायरीवर बूड टेकून, मग हातांवर एकेक पायरी वर. त्याचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं आणि दोन मुलं होती. त्यानंच मला हातातला छोटा आरसा दाखवला. "रोज रात्री मागं धरायचा आणि कातडी बघायची. लाल दिसली की दुसऱ्या दिवशी पालथं पडायचं. नायतर पुढची स्पर्धा गेली." डॉक्टरांनी मला कातडीची भीती घातली होती. त्यानं कातडी सांभाळायचं कारण दिलं. पुढच्या वर्षीच्या ३ डिसेंबरला मला तो माणूस हरवायचा होता. आरसा मी येतानाच बसस्टँडजवळ घेतला, आणि महिन्याभरानं तात्यांनी मेखा ठोकल्या.

आता आमच्याच मातीतली गोष्ट सांगतो, आणि ती सांगताना माझा आवाज अजून चढतो. पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात होते, ईएमई या अभियांत्रिकी शाखेत, चांगले मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, मणक्याला इजा झाली आणि पाय गेले. मुंबईच्या नौदल रुग्णालयात उपचार म्हणून ते पोहू लागले. १९६८ मध्ये तेल अवीवच्या खेळांत भारतानं पहिल्यांदा भाग घेतला; पेटकर तिथं टेबल टेनिस खेळले. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी दिव्यांगांसाठीच्या आपल्या कामातून त्यांना परदेशी जायला मदत केली. १९७२ च्या ऑगस्टमध्ये खेळ जर्मनीत हायडेलबर्गला झाले. ते खरं तर ऑलिंपिकपाठोपाठ म्युनिचमध्येच व्हायचे, पण तिथलं खेळाडूंचं गाव लगेच घरांसाठी रिकामं करायचं होतं. तिथं पेटकरांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून जागतिक विक्रम केला आणि सुवर्णपदक जिंकलं. ऑलिंपिक असो की पॅरालिंपिक, भारताचं ते पहिलं वैयक्तिक सुवर्ण. नेमबाज अभिनव बिंद्राच्या ऑलिंपिक सुवर्णाच्या ३६ वर्षं आधी. त्याच खेळांत ते भालाफेकीत आणि खुर्चीच्या स्लॅलम, म्हणजे अडथळे चुकवायच्या, शर्यतीतही उतरले होते. पुढं पुण्यात टेल्कोमध्ये त्यांनी नोकरी केली, संसार केला.

पेठ नाका आमच्या गावाहून एसटीनं अर्ध्या तासावर. १९९६ ते ९८ मी ज्या ओसरीवर भिंतीकडं तोंड करून पडलो होतो, तिथून इतक्या जवळच्या गावचा माणूस चोवीस वर्षांपूर्वी जगज्जेता झाला होता, आणि मला ते कुणी सांगितलं नाही. शाळेच्या पुस्तकात नव्हतं, रुग्णालयाच्या भिंतीवर नव्हतं, तालुक्याच्या मैदानावर नव्हतं. मला ते समजलं २०१८ मध्ये, त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा वर्तमानपत्रातून. तोवर मी वीस वर्षं गोळा फेकत होतो. अर्जुन पुरस्काराचा जीवनगौरव त्यांना जानेवारी २०२५ मध्ये मिळाला, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. हायडेलबर्गनंतर बावन्न वर्षांनी. त्या बावन्न वर्षांत महाराष्ट्राच्या खेड्यांत झाडावरून, विहिरीत, बैलगाडीखाली मणका मोडलेली पोरं एका नावाविना राहिली, याचं दुःख मला आहे.

सैनिकांसाठी एक जागा मात्र उभी राहिली. पुण्याजवळ खडकीला १९७४ मध्ये पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर सुरू झालं. तिथं खेळ हा दिनक्रमाचा भाग आहे. मी तिथं एकदा पाहुणा म्हणून गेलो होतो. संध्याकाळी बास्केटबॉलच्या कोर्टवर खुर्च्या एकमेकींवर आदळत होत्या आणि कडेला एक पन्नाशीचा जवान धनुष्याला दोरी चढवत होता. तेव्हा मला स्टोक मँडविलची हिरवळ वाचून कळली नव्हती तेवढी कळली.

जगात दरम्यान बरंच घडत गेलं. १९७६ च्या टोरांटोत अंध आणि हातपाय तोडावे लागलेले खेळाडूही आले. १९८८ च्या सोलमध्ये ऑलिंपिकचीच मैदानं मिळाली. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समिती झाली. नावाचा अर्थही सरकला: आधी 'पॅराप्लेजिया'तला, म्हणजे कमरेखालच्या लुळेपणातला, 'पॅरा' होता, आता 'शेजारी, बरोबरीनं' या अर्थाचा ग्रीक 'पॅरा' आहे. आपल्याकडं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ३० खेळांसाठी आहे. मैदानं पोहोचता येण्यासारखी असावीत असं तो कायदा सांगतो. आमच्या भागात अजून एका क्रीडासंकुलात माझी खुर्ची स्वच्छतागृहाच्या दारातून आत जात नाही, म्हणून स्पर्धेच्या दिवशी मी सकाळपासून पाणी पीत नाही. मूत्रपिंडाला ते घातक आहे, हे मला माहीत आहे. दारात चार इंच रुंदी वाढवायला कायद्याची वाट बघायची नसते.

संघटित खेळ म्हणजे नेमकं काय, हे मी मैदानावर शिकलो. प्रत्येक खेळाडूचा वर्ग ठरतो. डॉक्टर आणि तज्ज्ञ हाताखालून धड दाबून बघतात, कुठवर स्नायू चालतात ते तपासतात, म्हणजे पोटाचे स्नायू शाबूत असलेल्याशी पोट लुळं असलेल्याला झुंजावं लागत नाही. खुर्ची जमिनीला जखडलेली असते, बसणीची उंची मोजतात, फेकताना बूड उचललं तर पंच लाल बावटा वर करतो. माझी सगळ्यात लांब फेक एकदा अशीच बाद झाली. त्या रात्री मला झोप लागली नाही, पण एक समाधानही होतं: त्या पंचानं माझी कीव केली नव्हती. घरच्यांनी, गावानं, देवळातल्या पुजाऱ्यानं, सगळ्यांनी इतकी वर्षं मला सूट दिली होती. नियम लावणारा तो पहिला माणूस.

देह सुधारला, हेही खरं. खांदे भरले, ताप यायचे थांबले, खाटेवरून खुर्चीत मी एकटा जाऊ लागलो. २००१ मध्ये इस्लामपुरात झेरॉक्सचं दुकान टाकलं. ते चालवायला लागणारा तासन्‌तास बसण्याचा दम गोळ्यानं दिला. मिरजेच्या त्या माणसाला मी चौथ्या वर्षी हरवलं, ६ मीटर १० नं. त्यानं माझ्या पाठीत जोरात थाप मारली आणि विचारलं, "आरसा आहे ना?"

२०२४ च्या सप्टेंबरात पॅरिसला आमच्या जिल्ह्याचे, आटपाडी तालुक्यातले सचिन खिलारी १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक घेते झाले. भारताची त्या खेळांतली पदकं २९. त्या दिवशी माझ्या दुकानात पोरं मोबाइलवर ती फेक पुन्हा पुन्हा बघत होती. एकानं सहज मला विचारलं, "तुमचा किती जातो हो काका?"

आता दर रविवारी शाळेच्या मैदानात आम्ही सात-आठ जण जमतो. मेखा तात्यांच्याच आहेत, दाव्यांच्या जागी नायलॉनचे पट्टे आले. एक म्हातारी आजी कडेवरून नातवाला आणते. नऊ वर्षांचा, जन्मापासून पाय वाकडे, हातही थरथरता. वर्षभर ती मला एकच विचारायची, "बरा होईल का हो ह्यो?" माझ्याकडं खरं उत्तर नव्हतं, म्हणून मी तिला मोजपट्टीचं एक टोक धरायला द्यायचो.

गेल्या रविवारी नातवानं एक किलोचा गोळा टाकला. आजी पदर खोचून चालत गेली, खड्ड्यापाशी वाकली, पट्टी ताणून धरली आणि तिथूनच ओरडली, "किती गेला?"

"दोन मीटर साठ."

"मागं चाळीस व्हता. लिवा की वहीत."

मी लिहिलं. तारखेसकट.